मराठी बोलभाषेतील देखणेपणाचे शब्द

मराठी बोलभाषेत एखादी व्यक्ती शारीरिकदृष्ट्या आकर्षक आहे हे सांगण्यासाठी प्रमाण भाषेतील 'सुंदर', 'रूपवान', 'लावण्यवती' या शब्दांखेरीज अनेक अनौपचारिक शब्द वापरले जातात. 'चिकणा', 'फाकडा', 'टंच', 'कडक', 'फटाकडी', 'पाखरू', 'छावी', 'हिरवळ', 'आयटम', 'माल' ही त्यांतील काही परिचित उदाहरणे होत. त्यांपैकी काही निखळ कौतुकाचे आहेत, काही थट्टेचे आणि काही अवमानकारक आहेत. बरेचसे शब्द मात्र या तिन्ही प्रकारांत मोडू शकतात. कोण, कोणाला, कोठे आणि कोणासमोर बोलतो यावर त्यांचा अर्थ ठरतो. त्यामुळे हा विषय भाषाशास्त्राइतकाच सामाजिक व्यवहाराचा आणि अलीकडच्या काळात कायद्याचाही झाला आहे.

## स्वरूप

मराठीत गुण आणि रूप यांतील फरक 'दिसणे' या क्रियापदाने दाखवला जातो. 'ती चांगली आहे' या वाक्यात स्वभावाची प्रशंसा असते, तर 'ती दिसायला चांगली आहे' यात रूपाची. 'देखणा' हा शब्द 'देखणे', म्हणजे पाहणे, या क्रियापदापासून बनलेला असून 'पाहावासा वाटणारा' हा त्याचा मूळ आशय आहे. 'नाकीडोळी नीटस', 'अंगापिंडाने भरलेली', 'गोरागोमटा', 'राजबिंडा' असे पारंपरिक शब्दप्रयोग घरगुती बोलण्यात आजही आढळतात. ते सर्व वयोगटांत, वडीलधाऱ्यांच्या देखतही वापरता येतात. बोलभाषेतील अनौपचारिक शब्द यापेक्षा वेगळे ठरतात, कारण ते प्रामुख्याने समवयस्कांच्या गटात बोलले जातात आणि बहुधा वर्णिलेल्या व्यक्तीच्या पाठीमागे उच्चारले जातात.

## शब्दांचे उगम

देखणेपणाचे अनौपचारिक शब्द मराठीने वेगवेगळ्या क्षेत्रांतून घेतले आहेत.

'''स्पर्श आणि पोत.''' 'चिकणा' या शब्दाचे मूळ संस्कृत 'चिक्कण' या शब्दात आहे. गुळगुळीत, तुळतुळीत, चकचकीत हा त्याचा अर्थ. 'चिकणमाती' आणि 'चिकणी सुपारी' या शब्दांत तो आजही मूळ अर्थाने टिकून आहे. त्वचेच्या नितळपणावरून तो देखण्या व्यक्तीला लावला जाऊ लागला. हिंदीतील 'चिकना' आणि मुंबईची मिश्र बोली यांच्यामुळे त्याचा प्रसार वाढला.

'''सोनारकाम.''' 'टंच' म्हणजे सोन्याचा कस किंवा शुद्धता. 'टंच काढणे' हा सराफी व्यवहारातील शब्दप्रयोग आहे. त्याबरोबरच तटतटीत, घट्ट भरलेले असाही 'टंच' या शब्दाचा अर्थ मराठीत रूढ आहे. स्त्रीच्या वर्णनात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात आणि नेमका कोणता अभिप्रेत आहे हे ऐकणाऱ्याला सहज ठरवता येत नाही. २०१३ साली मध्य प्रदेशातील मंदसौर येथील सभेत काँग्रेस नेते दिग्विजय सिंह यांनी खासदार मीनाक्षी नटराजन यांच्याविषयी 'सौ टंच माल' असे शब्द वापरले. त्यावर टीका झाल्यावर आपल्याला खऱ्या सोन्यासारखी शुद्ध, निष्कलंक कार्यकर्ती असे म्हणायचे होते, असा खुलासा त्यांनी केला. सराफी अर्थ आणि रस्त्यावरचा अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात याचे हे उदाहरण आहे.

'''शेती आणि स्वयंपाकघर.''' सडपातळ मुलीला 'चवळीची शेंग', ठसकेबाज मुलीला 'लवंगी मिरची', तेजस्वी कांतीला 'केतकी' किंवा 'केवडा' म्हणण्याची पद्धत जुनी आहे. बांध्याने लहान पण रेखीव स्त्रीला 'ठेंगणी ठुसकी' म्हणतात. 'कडक' हा शब्द चहा, ऊन, इस्त्री आणि शिस्त या सर्वांना लागतो. व्यक्तीला लागल्यावर त्याचा अर्थ 'एका नजरेत छाप पाडणारी' असा होतो.

'''पक्षी आणि प्राणी.''' 'मैना' आणि 'पाखरू' हे शब्द लोकगीतांतून व लावणीतून आले. 'छावा' म्हणजे हत्तीचे किंवा सिंहाचे पिल्लू. शूर तरुणासाठी तो गौरवाचा शब्द आहे. त्यापासून बनलेला 'छावी' हा स्त्रीलिंगी शब्द विसाव्या शतकाच्या अखेरीस महाविद्यालयीन तरुणांत 'आकर्षक मुलगी' किंवा 'प्रेयसी' या अर्थाने प्रचलित झाला. पुल्लिंगी रूपात पराक्रम आणि स्त्रीलिंगी रूपात केवळ रूप, अशी अर्थाची विभागणी या जोडीत दिसते.

'''दारूकाम आणि शस्त्रे.''' 'फटाकडी', 'पटाखा', 'बॉम्ब', 'चाबूक', 'कातिल', 'खल्लास' या शब्दांत आकर्षणाची कल्पना स्फोट, मार किंवा मृत्यू यांच्या रूपाने येते. 'कातिल' व 'खल्लास' हे अरबी मुळाचे शब्द आहेत.

'''व्यापार.''' 'माल' हा अरबी आणि 'सामान' हा फारसी शब्द मराठीत शतकानुशतके बाजारपेठेच्या भाषेत आहे. इंग्रजीतून आलेला 'आयटम' हा शब्द मराठीत यादीतील वस्तू आणि करमणुकीच्या कार्यक्रमातील एक भाग या अर्थांनी रुळला. हिंदी चित्रपटांतील 'आयटम साँग'मुळे त्याला नर्तकीशी जोडलेला अर्थ चिकटला.

'''पर्यटन.''' पुण्यातील महाविद्यालयीन बोलीत मुलींच्या घोळक्याला 'हिरवळ' आणि एखाद्या सुंदर मुलीला 'प्रेक्षणीय स्थळ' म्हटले जाते. पाहण्याच्या क्रियेला 'नेत्रसुख' हा संस्कृतप्रचुर शब्द लावून औपचारिक भाषेचीच गंमत केली जाते.

याशिवाय 'भारी', 'झकास', 'जबरी', 'एक नंबर', 'नादखुळा', 'रापचिक' हे उत्कृष्टतेचे सर्वसाधारण शब्दही व्यक्तीच्या रूपाला लागतात. 'नादखुळा' हा कोल्हापूरकडील बोलीचा, तर 'रापचिक' हा मुंबईच्या बोलीचा म्हणून ओळखला जातो. हे शब्द मिसळीला, मोटारसायकलीला आणि माणसाला सारखेच लागत असल्याने त्यांत शारीरिक सूचकता कमी असते.

## व्याकरणिक वैशिष्ट्ये

या शब्दांचे व्याकरण त्यांच्या सामाजिक अर्थाशी निगडित आहे. 'चिकणा', 'फाकडा', 'देखणा' ही विकारी विशेषणे आहेत. 'चिकणा मुलगा', 'चिकणी मुलगी', 'चिकणं बाळ' अशी ती व्यक्तीच्या लिंगाप्रमाणे बदलतात. 'कडक', 'भारी', 'टंच' ही अविकारी विशेषणे असून त्यांचे रूप बदलत नाही.

'माल' हे मात्र पुल्लिंगी नाम आहे आणि स्त्रीविषयी बोलतानाही ते पुल्लिंगीच राहते. 'काय माल चाललाय' या वाक्यात चालणारी व्यक्ती स्त्री असली तरी क्रियापद तिच्याशी नव्हे, तर 'माल' या वस्तूशी जुळते. वाक्यातून स्त्रीचे व्याकरणिक अस्तित्वच नाहीसे होते. अशा शब्दांमुळे व्यक्तीचे वस्तूकरण होते हा स्त्रीवादी आक्षेप केवळ भावनेवर आधारलेला नाही. तो वाक्याच्या रचनेतही दाखवता येतो.

व्यक्तीसाठी नपुंसकलिंग वापरणे मात्र मराठीत आपोआप अवमानकारक ठरत नाही. 'लेकरू', 'पोरगं' हे मायेचे शब्द आहेत. मालवणीत मुलीसाठी वापरला जाणारा 'चेडू' हा शब्दही नपुंसकलिंगी आहे. 'पाखरू' या शब्दात लाडिकपणाची छटा राहते ती या परंपरेमुळे.

## शिरूर–दौंड परिसर

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड हे तालुके या शब्दांच्या अभ्यासासाठी लक्षणीय आहेत. भीमा नदीकाठचे दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन असून पुणे–सोलापूर मार्गाला मनमाड आणि बारामतीकडे जाणारे फाटे येथे मिळतात. दौंड–मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. रेल्वे कर्मचारी, राज्य राखीव पोलीस दलाचे जवान, साखर कारखान्यांचे कामगार आणि कुरकुंभ व रांजणगाव औद्योगिक क्षेत्रांत कामासाठी आलेले तरुण यांच्या वस्तीमुळे या भागात ग्रामीण मराठी, पुणेरी मराठी आणि हिंदी एकत्र ऐकू येतात. 'लई देखणी', 'लय भारी', 'कडक' आणि 'हॉट' हे चार थर एकाच फलाटावरील संभाषणात येऊ शकतात.

### मस्तानी

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे पहिल्या बाजीराव पेशव्यांची पत्नी मस्तानी हिची समाधी आहे. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे बाजीरावांनी तिला दिली होती. १७४० साली बाजीरावांच्या मृत्यूनंतर लवकरच तिचाही मृत्यू झाला. मस्तानी इतकी नितळ कांतीची होती की विडा खाताना त्याचा रस गळ्यातून उतरताना दिसे, अशी आख्यायिका सांगितली जाते. अशीच आख्यायिका इतर सौंदर्यवतींविषयीही सांगितली जात असल्याने ती ऐतिहासिक वर्णन म्हणून नव्हे, तर रूपवर्णनाचा एक संकेत म्हणून पाहणे योग्य ठरते.

'मस्त' या फारसी शब्दाचा अर्थ धुंद, उन्मत्त असा आहे. पुढे 'मस्तानी' हे नाव मराठीत मोहक स्त्रीसाठी विशेषणासारखे वापरले जाऊ लागले. पुण्यात दूध आणि आइस्क्रीम यांपासून बनवलेल्या पेयालाही तेच नाव आहे. ना. सं. इनामदार यांची 'राऊ' ही कादंबरी आणि २०१५ सालचा 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट यांनी ही प्रतिमा नव्या पिढ्यांपर्यंत नेली. घोडेस्वारीत निपुण मानली जाणारी आणि पेशवे कुटुंबाचा रोष सोसलेली ही स्त्री बोलभाषेत मात्र मुख्यतः रूपाचा पर्याय म्हणून उरली आहे.

### चौफुला आणि लावणीची भाषा

दौंड तालुक्यातील केडगावजवळील चौफुला हे संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी प्रसिद्ध आहे. संगीतबारीत बैठकीची व नृत्याची लावणी प्रेक्षकांसमोर सादर होते. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ यांसारख्या शाहिरांच्या काळापासून शृंगारिक लावणीने स्त्रीच्या रूपवर्णनाची स्वतंत्र शब्दसंपदा घडवली. 'मैना', 'पाखरू', 'नखरेल', 'ठसकेबाज', 'फक्कड' हे शब्द तेथून चित्रपटात आणि चित्रपटातून रस्त्यावर आले.

लावणीत हे शब्द गाणाऱ्या स्त्रीच्या तोंडी असतात. ती स्वतःच्या रूपाचे वर्णन करते, प्रियकराला टोमणा मारते, अटी घालते. तेच शब्द प्रेक्षकाच्या तोंडी गेले की बोलणारा आणि वर्णिली जाणारी यांच्या जागा बदलतात. त्याचा सर्वाधिक त्रास कलावंत स्त्रियांना झाला आहे. रंगमंचावरील संबोधने त्यांना गावात, प्रवासात आणि त्यांच्या मुलांना शाळेतही चिकटली. लावणीला लोककलेचा मान मिळाल्यावरही हा कलंक पूर्णपणे पुसला गेलेला नाही.

## पुरुषांसाठीचे शब्द

पुरुषांच्या देखणेपणासाठी 'रुबाबदार', 'राजबिंडा', 'रांगडा', 'पिळदार', 'तगडा', 'बाका', 'फाकडा' हे शब्द आहेत. त्यांत रूपाबरोबर धाडस, सत्ता किंवा बळ यांचा अर्थ मिसळलेला असतो. 'फाकडा' याचे ठळक उदाहरण इतिहासात आढळते. पहिल्या इंग्रज–मराठा युद्धात जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ ठार झालेल्या कॅप्टन जेम्स स्टुअर्ट या इंग्रज अधिकाऱ्याला मराठ्यांनी 'इष्टूर फाकडा' असे नाव दिले. शत्रूच्या तडफेला दिलेली ही दाद होती. मावळातील वडगाव येथे त्याचे स्मारकस्थळ आहे.

पुढील काळात 'हिरो', 'डॅशिंग', 'हँडसम', 'चॉकलेट हिरो' हे शब्द चित्रपटांमुळे रुजले. 'चिकणा' हा शब्द पुरुषाला लावल्यास मात्र कौतुकाबरोबर कोवळेपणाची किंवा नाजूकपणाची थट्टाही सूचित होऊ शकते. पुरुषासाठी 'माल' किंवा 'आयटम' हे शब्द तरुणींच्या गटांतही ऐकू येतात. तथापि त्यांच्यामागे पाठलाग किंवा अंगचटीला येण्याची भीती सहसा नसल्याने त्यांचा परिणाम सारखा होत नाही.

## वर्ण आणि विवाहव्यवहार

मराठीतील रूपवाचक शब्दांत त्वचेच्या रंगाला मोठे स्थान आहे. 'गोरापान', 'निमगोरा', 'गव्हाळ', 'सावळा', 'काळासावळा' अशी बारीक श्रेणी मराठीत आहे. विठ्ठल आणि कृष्ण यांच्या भक्तीत 'सावळा' हा शब्द अत्यंत प्रेमाचा आहे. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मात्र 'सावळी' या शब्दापुढे 'पण नाकीडोळी नीटस' अशी पुष्टी जोडण्याची प्रथा दीर्घकाळ राहिली. 'गोरीगोमटी' या शब्दात गोरेपणा आणि सौंदर्य ही एकच गोष्ट मानलेली दिसते. या समीकरणावरील टीका वाढल्यानंतर २०२० साली हिंदुस्तान युनिलिव्हर कंपनीने 'फेअर अँड लव्हली' या मलमाचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले.

## दृष्ट आणि प्रशंसेचा संकोच

ग्रामीण घरांत रूपाची उघड प्रशंसा टाळली जाते, कारण तिने दृष्ट लागते अशी समजूत आहे. लहान मुलाला काजळाची तीट लावणे, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकणे, कानशिलावर बोटे मोडणे हे त्यावरील उपाय समजले जातात. 'दृष्ट काढावी असं रूप' हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. त्यात बोलणारी व्यक्ती कौतुक करते आणि त्याच वाक्यात त्या कौतुकाच्या दुष्परिणामाची काळजीही घेते. वर्णिलेल्या व्यक्तीचे हित हा या प्रशंसेचा भाग असतो. रस्त्यावरील शेरेबाजी आणि घरातील कौतुक यांतील मुख्य भेद हाच आहे.

## कायदेशीर बाजू

भारतीय कायद्यात विशिष्ट शब्दांची यादी दिलेली नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ५०९ नुसार स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे हा गुन्हा होता. २०१३ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३५४-अ मध्ये लैंगिक छटेच्या शेऱ्यांचा लैंगिक छळात समावेश झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या तरतुदी अनुक्रमे कलम ७९ आणि कलम ७५ मध्ये आहेत. कलम ७९ खाली तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड, तर लैंगिक छटेच्या शेऱ्यांसाठी कलम ७५ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

न्यायालयांनी शब्द आणि प्रसंग यांचा एकत्र विचार केल्याची उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत :

* २०१५ साली मुंबईत शाळेतून घरी परतणाऱ्या अल्पवयीन मुलीचे केस ओढून तिला 'आयटम' म्हटल्याच्या प्रकरणात पोक्सो विशेष न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये आरोपीला दीड वर्षाच्या कारावासाची शिक्षा दिली. हा शब्द मुलींना लैंगिक दृष्टीने वस्तू ठरवणारा आणि अवमानकारक असल्याचे न्यायालयाने नमूद केले.
* जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने स्त्रीच्या बांध्यावर केलेली टिप्पणी प्रथमदर्शनी लैंगिक छटेचा शेरा ठरू शकते असे म्हटले.
* फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतील दिंडोशी सत्र न्यायालयाने एका माजी नगरसेविकेला रात्री उशिरा पाठवलेल्या 'तू सडपातळ आहेस, स्मार्ट दिसतेस, गोरी आहेस' अशा आशयाच्या संदेशांबद्दलची शिक्षा कायम ठेवली.

शेवटच्या प्रकरणातील एकही शब्द बोलभाषेतला किंवा अश्लील नाही. विवाहविषयक जाहिरातींत ते शब्द सर्रास छापले जातात. अपरिचित स्त्री, रात्रीची वेळ आणि नको असलेली सलगी यांमुळे ते आक्षेपार्ह ठरले. 'माल' हा शब्द वाईट आणि 'सुंदर' हा शब्द चांगला, अशी सरळ विभागणी त्यामुळे करता येत नाही.

## इतर भाषांशी तुलना

स्पॅनिश भाषेत या क्षेत्रातील शब्दसंपदा समृद्ध आहे. 'ग्वापो' व 'ग्वापा' हे देखणा आणि देखणी यांसाठीचे सर्वमान्य शब्द आहेत. 'बोम्बोन' म्हणजे चॉकलेटची मिठाई आणि 'मांगो' म्हणजे आंबा हे शब्द आकर्षक व्यक्तीला लावले जातात. स्पॅनिशमध्ये 'असणे' या अर्थाची 'सेर' आणि 'एस्तार' ही दोन क्रियापदे आहेत. 'एस बुएना' म्हणजे 'ती चांगली आहे', तर 'एस्ता बुएना' या वाक्यातून व्यक्तीविषयी बोलताना शारीरिक आकर्षण सूचित होते. मराठीत जे काम 'दिसायला' हा शब्द करतो, ते तेथे क्रियापदाच्या निवडीने होते. फरक इतकाच की मराठीतील प्रयोग घरात चालतो आणि स्पॅनिशमधील प्रयोग धीट समजला जातो.

रस्त्यावरून जाणाऱ्या स्त्रीला उद्देशून चतुर प्रशंसा करण्याच्या स्पॅनिश प्रथेला 'पिरोपो' म्हणतात. एकेकाळी ती वाक्चातुर्याची कला मानली जाई. पेरूने २०१५ साली आणि चिलीने २०१९ साली रस्त्यावरील लैंगिक छळाविरुद्ध कायदे केले. त्यानंतर प्रशंसा कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो याची चर्चा तेथेही महाराष्ट्रासारखीच सुरू आहे.

## शब्दकोश आणि बदल

मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते–कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२–१९३८) यांत बोलीतील शब्दांना मोठे स्थान मिळाले. त्यानंतर रूढ झालेले 'छावी', 'हिरवळ', 'आयटम' यांसारखे अर्थ मुख्यतः चित्रपट, नाटके, महाविद्यालयीन नियतकालिके आणि समाजमाध्यमे यांतच नोंदले गेले आहेत.

अशा शब्दांचे आयुष्य बहुधा एका पिढीपुरते असते. एका पिढीचा धीट शब्द पुढच्या पिढीला जुनाट वाटतो आणि तो मागे पडतो किंवा सौम्य होतो. 'फाकडा' आज पुस्तकी वाटतो, 'छावी' मागे पडला आहे आणि 'चिकणा' हा शब्द आजी नातवालाही लावते. 'माल' हा शब्द मात्र तितकाच जुना असूनही सौम्य झालेला नाही. तो ज्या स्त्रीविषयी उच्चारला जातो, तिने तो स्वतःसाठी कधीच स्वीकारलेला नाही, हे त्याचे एक कारण आहे.